साहेब म्हणाला, जा

१९ फेब्रुवारी १९३४, सोमवार

आलो एकदाचा घरी. पोलादपुरापासून दोन तास चाल, आणि पायात बूट! टाचा सोलून निघाल्या. अर्ध्या वाटेवर बूट काढून हातात घेतले होते, वाडी दिसताच पुन्हा चढवले. मुंबईहून आलेल्या माणसाने अनवाणी यायचं नसतं.

वाडीच्या तोंडाशीच सोनबा भेटला. "शिमग्याला धा दिस हायेत की रे अजून! इतक्या लवकर कसं सोडलं तुला?"

मी म्हणालो, "साहेब म्हणाला, जा."

यात एक अक्षर खोटं नाही. साहेब तेवढंच म्हणाला होता. साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, दोन माग, आम्ही साचे म्हणतो ते, चालवणाऱ्याने आता चार चालवायचे आणि उरलेल्या माणसांनी घरी जायचं. उरलेल्यांत मी! नऊ वर्षं काढली त्या खात्यात. हजेरीचा बिल्ला साहेबापुढे ठेवला तर त्याने मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

संध्याकाळपर्यंत सोनबाने वाडीभर केलं — सहदेववर साहेबाची लई मर्जी हाय!

२० फेब्रुवारी

सकाळपासून सात जण येऊन गेले. कुणाचा भाऊ, कुणाचा भाचा, कुणाचा जावई — सगळ्यांना मिलात चिकटवायचंय. मी मान डोलावत बसलो. सोनबा तर कोंबडा घेऊनच आला. "आमच्या सदूचं त्या भरती करनाऱ्या जॉबराच्या कानावर घाल. आन ह्यो घे." नको म्हटलं तर रुसायला लागला.

कोंबडा ओटीवर बांधलाय. माझ्याकडे एकटक बघतो. त्याला काहीतरी कळलंय.

२१ फेब्रुवारी

आवडीला सांगायचं कसं? बायकोशी दोन शब्द बोलायला घरात जागा नाही. ओटीवर सतत पाच-सहा माणसं. शेवटी हातांनी सांगितलं.

साच्यांच्या गोंगाटात तोंडाने बोललेलं कुणालाच ऐकू जात नाही. म्हणून आम्ही साळखातेवाले एक तर बेंबीच्या देठापासून ओरडतो, नाही तर हातवारे करतो. सगळ्या मिलांतून खुणा त्याच. दर शिमग्याला घरी आलो की आवडीला आणि धाकट्या बहिणीला, शकूला, गंमत म्हणून शिकवायचो. आज उपयोगी पडल्या. तळहातावरून तळहात पुसला, वर एक फुंकर मारली — साचा बंद, काम गेलं.

आवडीच्या हातातली पितळी खाली पडली! सगळे म्हणाले, मांजर आलं असेल. शकू पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती, बरं झालं.

मागच्या दारी गाठून आवडी म्हणाली, "आता शकूच्या लग्नाचं काय?" तेच तर! आईबाप गेले तेव्हा शकू आठ वर्षांची होती. तिला मी वाढवली. वाढवली आवडीने, मी मुंबईहून रिबिनी पाठवल्या, पण तरी. आता पाचाडच्या गोमाजींचा मुलगा महिपत सांगून आलाय. तोही मिलात. आणि गोमाजींची अट एकच — मुलीचा भाऊ मिलात कायम असला पाहिजे.

"काय तरी काम बघा," आवडी म्हणाली. "कुनाला कळायच्या आत."

१ मार्च

होळी. होळीभोवती सगळ्यांबरोबर बोंब मारली. साहेबाचं नाव मनात घेऊन तीन जादा मारल्या. खूप बरं वाटलं.

६ मार्च

साखरपुडा झाला. हुश्श!

गोमाजी म्हणजे मोठं प्रकरण आहे. लाल पागोटं, पाचाडला भातशेती, आणि बोलणं असं की जणू मुंबईतल्या सगळ्या मिला त्यांच्या सल्ल्याने चालतात. मला शेजारी बसवून म्हणाले, "पाव्हणं, पोरगी बरी हाय. पन मी बघतो भावाची नोकरी. आमचा म्हयपत मिलात, तुमी मिलात. लोकानी म्हनावं, सोयरीक बघा! नोकरी सुटलेला मेव्हणा मंजी लेकाच्या गळ्यात धोंडा."

मी म्हणालो, "अगदी, अगदी."

महिपत दिसायला गरीब. माझ्यासारखाच शिमग्याला आठ-दहा दिवस आधी आलेला. त्याच्याही साहेबाची मर्जी असणार. त्याच्या खोलीवरचा एक सोबतीही होता बरोबर. दोघं कोपऱ्यात गुपचूप. मी नारळ आणायला आत गेलो, परत येऊन बघतो तर शकू चहाचं ताट धरून उभी आणि गालातल्या गालात हसतेय! साखरपुड्याच्या दिवशी मुलीने खाली बघायचं, हसायचं नाही. पण गोमाजींचं लक्ष नव्हतं.

तिथी भटजींनी काढली ती २१ मेची. वैशाख यंदा अधिक आहे, अधिकात लग्न नाही, म्हणून निज वैशाखापर्यंत थांबायचं. गोमाजींना चुटपुट लागली. मला मात्र भटजींच्या पायावर लोळावंसं वाटलं. देवाने यंदाच्या वर्षात एक महिना जादा घातलाय आणि तो माझ्याचसाठी!

१२ मार्च

वाडीत कुजबुज सुरू झाली. "सहदेव अजून गेला नाय मुंबैला?" तेव्हा आज निघालो. मुंबईला म्हणून. खरं तर महाडला.

पण मुंबईला निघालेल्या माणसाला कुणी मोकळ्या हाताने जाऊ देईल? ज्याचं माणूस मुंबईत, त्याने गाठोडं आणलं. तांदळाचं पीठ, नाचणीचे पापड, आमसुलं, सुका जवळा, एकीने लेकासाठी लोणच्याची बरणी. एकंदर अकरा! प्रत्येकजण सांगतोय, "परळला आमच्या दाजीकडं दे," "लालबागला आमच्या बाळूकडं." मी म्हणतोय, "पोचवतो, पोचवतो." जवळ्याच्या वासाने कोंबडासुद्धा तोंड फिरवून बसला.

शकू वेशीपर्यंत आली. म्हणाली, "दादा, जपून रे. आन ओरडू नको फार."

ओरडू नको काय? नऊ वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

१४ मार्च

महाड. एका शेठच्या किराणा दुकानात लागलो! चवदार तळ्याकडून बाजारात शिरलं की डाव्या हाताला. शेठ भला आहे. मागच्या खोलीत झोपायला जागा दिली. अकरा गाठोडी उशाशी.

१६ मार्च

काम गेलं.

माझ्या मनात काही नव्हतं. गिऱ्हाईक हळूच काय ते मागायचं, मी आत शेठला सांगायचो. सांगायचो तसं, नेहमीच्या आवाजात. तो माझा नेहमीचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो हे मला कोण सांगणार? साच्यांपाशी उभं राहून तोच तर आवाज तयार झाला.

आज चंद्राबाई आल्या. इथल्या मोठ्या मानाच्या बाई. पदर तोंडाशी धरून कानात बोलल्यासारखं काहीतरी म्हणाल्या. मी आत वळून सांगितलं, "शेठ! चंद्राबाईंना जुलाबाचं औषध! दोन दिवस झाले म्हणतात!"

समोरच्या न्हाव्याचा वस्तरा थांबला. कासाराच्या दुकानातल्या बायका बाहेर आल्या. चंद्राबाई औषध न घेताच गेल्या. त्यांचं काय झालं असेल ही काळजी मला खरोखरच लागली, पण शेठला ते पटलं नाही.

१७ मार्च

शाळेत शिपायाची जागा रिकामी आहे असं कळलं. हेडमास्तर ओसरीवर बसले होते. मी नमस्कार करून म्हणालो, "मास्तर, चौथी पास आहे! कामाची गरज आहे!"

आतल्या दोन वर्गांतली मुलं पाट्या-दप्तर घेऊन बाहेर आली. शाळा सुटली वाटलं त्यांना.

हेडमास्तर म्हणाले, "आम्हाला घंटा वाजवणारा माणूस हवाय. घंटा नको आहे."

१८ मार्च

आज कुठेच गेलो नाही. नदीवर बसून एका गाठोड्यातले पापड खाल्ले. कच्चेच. लाज वाटली. मग आणखी एक खाल्ला.

खरं सांगायचं तर भीती वाटते. शकूचं लग्न मोडलं तर ती मला एका शब्दाने बोलणार नाही. तेच सहन व्हायचं नाही.

२० मार्च

लागलो! लागलो! लागलो!

झालं असं. ती गाठोडी तरी मुंबईला पोचावीत म्हणून सकाळी मोटारींच्या अड्ड्यावर गेलो. धरमतरची मोटार सुटत होती, तिथून पुढे आगबोटीने मुंबई. मी टपावरच्या माणसांकडे बघून ओरडलो, "परळला कोण? लालबागला कोण? जवळा कोण नेतंय?"

अख्खा अड्डा गप्प झाला. कुणाचा तरी बैल बसला होता तो उठून उभा राहिला. पाच मिनिटांत अकराच्या अकरा गाठोड्यांना माणसं मिळाली. एका पापडाच्या गाठोड्याबद्दल थोडं स्पष्टीकरण द्यावं लागलं.

महाड-पोलादपूर मोटारीचे मालक कुशाबा तिथेच बिडी ओढत होते. स्वतःच हाकतात. म्हणाले, "इंजनाच्या आवाजात मला मागचं काय बी ऐकू येत नाय. गेल्या म्हैन्यात एक म्हातारी सावित्री नदीपाशी उतरायची ती पोलादपूरला नेऊन उतरवली. तू चढ मागं."

कंडक्टर झालो! खाकी कोट मिळालाय. बाह्या आखूड आहेत.

२७ मार्च

हे काम माझ्यासाठीच देवाने राखून ठेवलं होतं. निघताना एकच हाक मारतो — पोलादपूऽऽर! — गल्लीबोळातून माणसं धावत येतात. इंजिन फारच गरजायला लागलं की कुशाबांना आरशातून हातांनी सांगतो. थांब. चल. मागे माणूस चढतंय. बोकड चढतोय. कुशाबा दोन दिवसांत शिकले. काल म्हणाले, "तुमच्या मिलात हे शिकवत्यात व्हय?"

पोलादपूरला आपल्या वाडीचं माणूस दिसलं की मात्र टपावर चढतो आणि सामान नीट करत बसतो. परवा सोनबा खाली एक तास उभा होता. तेवढा वेळ एकच पेटी नीट करत होतो.

५ एप्रिल

मेलो होतो आज!

महाडला मोटार भरत होती. पागोटं दिसलं. लाल. गोमाजी! चढले ते थेट पुढच्या बाकावर. माझ्या घरी निघाले होते, आवडीकडे, लग्नाच्या बोलणीसाठी. आणि मी मिलातला कायम माणूस, खाकी कोटात, मोटारीच्या पायरीवर!

धुळीसाठी ठेवलेला पंचा डोक्यावरून तोंडाला गुंडाळला. डोळे तेवढे उघडे. पण आवाजाचं काय करू? साखरपुड्याला त्यांनी तो दोन तास ऐकलाय. तोंड उघडलं की संपलं. म्हणून उघडलंच नाही. वाटभर नुसते हातवारे.

गोमाजी बराच वेळ बघत राहिले. मग शेजाऱ्याला म्हणाले, "मुका हाय बिचारा. पन काम कसं चोख करतो बघा." त्यांना गहिवर आला. पिशवीतून केळं काढून माझ्या हातात ठेवलं. पाठीवरून हात फिरवला.

मी हात जोडले. केळं खाल्लं. गोड होतं.

१५ एप्रिल

अधिक महिना लागला. आवडी पोलादपूरच्या बाजाराला आली होती, मोटारीमागे उभं राहून बोललो. तिला सगळं ठाऊक आहे, पत्राने कळवलं होतं. म्हणाली, "गोमाजी आले व्हते तवा निम्मा वेळ त्या मुक्या कंडक्टराचंच कौतुक. माझ्या पोराला सांगतो म्हनले, शिक त्याच्याकडनं." आणि पदर तोंडात कोंबून इतकी हसली की दोन बायका विचारायला आल्या.

मग डोळे पुसून म्हणाली, "अवो, सांगून टाका. काम हाय आता तुमाला. लाज कसली?"

लाज कामाची नाही. लग्न मोडेल ना! गोमाजींना मिल हवीय, मोटार नकोय. सांगेन. पण आज नको.

२५ एप्रिल

मुंबईत संप! परवापासून सगळ्या मिला बंद. धरमतरच्या मोटारीतून माणसं येताहेत, टपावर, पायरीवर, मिळेल तिथे.

देवा, हे फार झालं! म्हणजे आता मीही संपावर आलोय असं खुशाल सांगता येईल. कुणाच्या बापाला कळणार नाही. महिनाभर लपलो आणि आता सगळी मुंबईच माझ्यासारखी घरी बसायला निघालीय.

सांगायचं नाही असं ठरवलं. सुटलो!

२९ एप्रिल, रविवार

सगळं लिहून काढतो, नाही तर डोकं फुटेल.

महाडला गोमाजी. बरोबर महिपत, ट्रंकेसह. संपावरून आलेला. बाप त्याला घ्यायला महाडला आले होते आणि घरी न जाता थेट पोलादपूरची मोटार पकडली. कारण काय, तर "संपात मेव्हना बी आला असंल. भेटून येऊ." म्हणजे मला भेटायला! माझ्या घरी! माझ्याच मोटारीने!

पंचा गुंडाळला.

गोमाजींनी मला ओळखलं, म्हणजे मुक्याला ओळखलं. महिपतला मोठ्याने म्हणाले, "ह्यो बघ, मी सांगत व्हतो त्यो. मुका. पन हुशार."

मोटार खच्चून भरली होती. मी मागच्या पायरीवरून कुशाबांना खूण केली — मागे माणूस चढतंय, थांब. महिपत ताठ बसला. माझ्या हातांकडे बघायला लागला. थोड्या वेळाने गुडघ्याजवळ हात धरून त्याने हळूच खूण केली — कुठली मिल?

हात आपोआप हलले. परळ.

त्याने विचारलं, साचे किती? मी, दोन. तो, कधीपासून बंद? मी तळहातावरून तळहात पुसला. फुंकर मारली. बोटांनी दाखवलं — तीन महिने होत आले.

मग त्याने बापाकडे एकदा बघितलं. आणि तळहातावरून तळहात पुसला. फुंकर मारली. तीन महिने. संपाच्या आधी!

आमच्या दोघांच्या मध्ये गोमाजी. म्हणाले, "माश्या लई झाल्यात बाबा मोटारीत," आणि तेही हात हलवायला लागले.

हसू येत होतं आणि रडूही. तेवढ्यात गोमाजी शेजाऱ्याला सांगायला लागले, "माझा व्याही मिलवाला. कायम मानूस. म्हनून तर ही सोयरीक—" आणि महिपतची मान खाली गेली. अशी खाली गेली की मला बघवेना. बाप मध्ये बसलेला आणि हा पोर तीन महिने एकटाच तोंड मिटून! मला निदान आवडी होती.

पंचा सोडला. म्हणालो — म्हणालो म्हणजे काय, ओरडलोच, दुसरं येतं कुठे — "मामा! मीच तो सहदेव! माझी मिल माघातच सुटली! मी मोटारीवर आहे!"

कुशाबांनी करकचून मोटार थांबवली. एक बोकड माझ्या पायावर आला. चाळीस माणसं वळून बघायला लागली.

गोमाजींनी माझ्या तोंडाकडे बोट केलं. मग म्हणाले, "तू बोलतोस?"

"बोलतो."

"मग माझं केळं खाल्लंस ते?"

मी कोटाच्या खिशात केळ्याचे पैसे शोधायला लागलो. आणि महिपत उठला. गर्दीत नीट उभंसुद्धा राहता येत नव्हतं त्याला. म्हणाला, "बाबा, माझं पन काम गेलंय. शिमग्याच्या आधीच. संपाचं खोटं सांगितलं." साळखात्यातलाच आवाज. माझ्यापेक्षा काकणभर जास्तच.

गोमाजी मागे टेकले. पागोटं काढून मांडीवर घेतलं. मी पहिल्यांदाच त्यांचं डोकं बघितलं, म्हाताऱ्या माणसाचं डोकं. वाईट वाटलं. वाटलं, गेलं लग्न.

उतरताना पायरीवर थांबले. "ह्या मोटारीतली पुढची बाकं कुनासाठी असत्यात?"

"मामलेदार आले तर मामलेदारांसाठी."

"आन वऱ्हाड आलं तर?"

"तर वऱ्हाडासाठी."

"समदी?"

"सगळी."

पागोटं डोक्यावर चढवलं. "मग येकवीस तारखेला वेळेवर आन मोटार. आन ह्या आमच्या मुक्याला बी कुठंतरी चिकटव." हे महिपतबद्दल.

८ मे

महिपत हँडल मारून मोटार सुरू करायच्या कामाला लागला. सोनबाच्या सदूचं अजून राहिलंय. कोंबडा परत द्यायला गेलो तर सोनबा म्हणतो, "ऱ्हाऊ दे. मोटारीवर चिकटव."

२१ मे

लग्न झालं. वऱ्हाड मोटारीत, गोमाजी पुढच्या बाकावर, वाजंत्री टपावर आणि इंजिन चालू. कानठळ्या. मी मागच्या पायरीवर उभा, सुटायची हाक मारणार एवढ्यात शकू पुढच्या बाकावरून वळली. हळदीचे हात सगळ्या वऱ्हाडाच्या डोक्यांवर धरून तिने पेला दाखवला — साखरपुड्याचा चहा. मग महिपतकडे बोट — कोपऱ्यात सोबत्याला सांगत होता ते. तळहातावरून तळहात पुसला, फुंकर मारली. मग माझ्याकडे बोट, खाली पडलेली पितळी, आणि तीच फुंकर. पितळी पडताच ती वळली असणार, आणि माझे हात अजून वरच! मग छातीवर हात — मला पहिल्यापासून ठाऊक. दोघांचं. तरी हो म्हटलं.

हाक मारायला तोंड उघडलं, आवाजच फुटेना. कुशाबांना हातानेच सांगितलं — चल.